पोश, चॅव आणि आमच्या घरातला छावा

अगं, नवऱ्याच्या नोकरीमुळे ऑगस्टमध्ये इंग्लंडात डर्बीला येतेयस, मुलगा सात वर्षांचा आहे. सिरियलमध्ये ‘पोश’, ‘टॉफ’, ‘चॅव’ असले शब्द ऐकू येतात, त्या शिव्या आहेत का, आणि पोराला आत्तापासून ब्रिटिश उच्चारांचा क्लास लावू का, असं तू विचारलंस. चार ओळी लिहून कुकर लावायला उठणार होते. आता रात्रीचे साडेअकरा झालेत, जेवणं ब्रेडवर भागली आणि मी अजून लिहितेय.

व्हिसा, हेल्थ सरचार्ज, टीबीची टेस्ट हे सगळं सरकारी साइटवर आहे आणि सारखं बदलत असतं. आम्ही नॉटिंगहॅमला आलो जानेवारी 2011 मध्ये, त्या वेळचे माझे नियम तुझ्या काही कामाचे नाहीत. फक्त नावाचं सांगते, कारण ते कुठल्याच साइटवर लिहिलेलं नाही. माझ्या पासपोर्टवर माझ्या नावाला जोडून नवऱ्याचं नाव आहे, आपल्याकडे असतं तसं. इथे मधलं नाव म्हणजे आजीचं, मावशीचं, नाहीतर आईबापांना आवडलेलं. मुलाच्या शाळेच्या अर्जासोबत पत्त्याचा पुरावा हवा होता. घरभाड्याचा करार नवऱ्याच्या नावावर. बँकेला खातं उघडायला पत्त्याचं पत्र हवं, पत्र यायला बिल हवं, बिल भरायला बँकेचं खातं हवं. शेवटी एका ऑफिसातल्या बाईने दोन्ही पासपोर्ट शेजारी ठेवून, अगदी गोड आवाजात विचारलं, ‘म्हणजे तुम्ही दोघं एकच व्यक्ती आहात का?’ यात पाच आठवडे गेले. पोरगं घरात, बाहेर बर्फ, आणि मी त्याला जमिनीवर खडूने बे एके बे लिहून देतेय. ती बाई आता रिटायरही झाली असेल, पण माझा राग अजून नोकरीत आहे.

तर पाच आठवड्यांनी शाळा मिळाली. ज्या शाळेत जागा शिल्लक होती ती. मी नाशिकरोडला फोन लावला, ‘बाबा, नातवाची शाळा एका इस्टेटवर आहे.’ बाबा खूश. आपल्याकडे इस्टेट म्हणजे आजोबांनी मागे ठेवलेली आणि काकांनी बळकावलेली. इथेही लॉर्ड लोकांच्या हजारो एकरांना इस्टेटच म्हणतात. आणि नगरपालिकेने कष्टकऱ्यांसाठी भाड्याने द्यायला बांधलेल्या घरांच्या वसाहतीलाही इस्टेटच म्हणतात, कौन्सिल इस्टेट. कुणी ‘तो इस्टेटवर वाढला’ म्हणालं तर त्यातली ही दुसरी समजायची. पब्लिक स्कूलचं असंच उलटं आहे. पब्लिक म्हणजे सगळ्यांसाठी असं वाटतं ना? ईटन, हॅरो या पब्लिक स्कूल आहेत. तिथली वर्षाची फी ऐकून आपण पाणी मागतो.

आता शब्दांकडे येते. पोश म्हणजे उच्चभ्रू. तोंडावर म्हटलं तर अर्धं कौतुक, अर्धा चिमटा. तू चिनी मातीच्या कपात चहा दिलास तरी म्हणतील, ‘ऊ, पोश!’ या शब्दाची एक गोष्ट तुला कुणीतरी नक्की ऐकवेल: भारतात येणाऱ्या बोटींवर श्रीमंत गोरे जाताना डाव्या आणि परतताना उजव्या बाजूची, उन्हापासून बचावाची केबिन घ्यायचे, त्या चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं म्हणजे पोश. गोष्ट छान आहे, पण तिला पुरावा काही नाही. टॉफ म्हणजे सरदार-दरकदार, आणि हा शब्द त्यांच्या पाठीमागे वापरायचा. नॉबचाही अर्थ तोच, पण हा शब्द तू कृपा करून वापरू नकोस. उच्चार तोच, स्पेलिंगच्या आधी एक ‘के’ लागला की तो पुरुषाच्या अवयवाचा शब्द होतो. ऐकणाऱ्याला स्पेलिंग दिसत नाही. कॉमन म्हणजे आपल्याकडे सर्वसाधारण, इथे ‘शी’ज अ बिट कॉमन’ म्हटलं की ती बाई संपली. पायकी हा शब्द जिप्सी आणि ट्रॅव्हलर लोकांसाठी जातिवाचक शिवीसारखा आहे. शाळेतून आला तर त्याच दिवशी पोराला समजावून सांग.

आणि चॅव. हो, ही शिवीच. ट्रॅकसूट, चौकड्यांची टोपी, जाड सोन्याची चेन, मोठ्याने बोलणं, आणि या सगळ्याच्या मागे न बोललेलं एकच: गरीब आहे आणि त्याची लाज वाटत नाही. 2004 मध्ये ऑक्सफर्डच्या कोशवाल्यांनी हा वर्षाचा शब्द म्हणून निवडला होता. त्याचीही आद्याक्षरांची फोड करणारे भेटतात, कौन्सिलची घरं आणि हिंसक असं काहीतरी. तीही मागाहून रचलेली. खरा उगम कुठला ते पुढे येतंच, त्याच्यासाठीच तर एवढं लिहितेय.

गंमत म्हणजे आपण शाळेत जे सभ्य इंग्रजी शिकलो, ते इथल्या चाळणीतून वेगळंच पडतं. 1954 मध्ये बर्मिंगहॅमचे प्राध्यापक ॲलन रॉस यांनी इथल्या वरच्या वर्गाच्या बोलण्यावर एक निबंध लिहिला. तोही छापला कुठे, तर फिनलंडच्या एका नियतकालिकात. त्यात ‘यू’ म्हणजे वरच्यांचं आणि ‘नॉन-यू’ म्हणजे बाकीच्यांचं, अशी वाटणी होती. नॅन्सी मिटफर्ड या लेखिकेने ती उचलून धरली आणि लोक आपापल्या तोंडातले शब्द तपासत बसले. सर्व्हिएट म्हणालात तर नॉन-यू, नॅपकिन म्हणालात तर यू. टॉयलेट नॉन-यू. नीट ऐकू आलं नाही तर ‘पार्डन?’ म्हणणारा नॉन-यू आणि सरळ ‘व्हॉट?’ म्हणणारा यू! आमच्या कॉन्व्हेंटमध्ये ‘व्हॉट’ म्हटलं की सिस्टर हातावर पट्टी मारायच्या. ज्याला वर चढायचंय तो जपून, नटवून बोलतो. जो वरच बसलाय त्याला काय पडलीये. आता एवढं काटेकोर कुणी पाळत नाही, पण ‘पार्डन’वर अजूनही एखादीची भुवई हलते. मी तो शब्द मुद्दाम वापरते. सिस्टरसाठी.

डर्बी आणि नॉटिंगहॅमची बोली जवळपास एकच, त्यामुळे हे तुला उपयोगी पडेल. बस ड्रायव्हर तुला ‘डक’ म्हणेल. बदक नव्हे, ‘बाई गं’ किंवा ‘बाळा’च्या मधलं काहीतरी, आणि पुरुष पुरुषांनाही म्हणतात. रुसूबाई रुसू असेल तर ‘मार्डी’. छोट्या गोल पावाला ‘कॉब’. भेटलं की ‘एय अप’. पहिल्या महिन्यात मी हे सगळं वहीत लिहून ठेवायचे. वही सापडत नाही आता.

त्या इस्टेटवरच्या शाळेत आमच्या मुलाला दुसऱ्याच दिवशी मित्र मिळाला. तांबूस केस, बारीक कापलेले, पुढचे दोन दात पडलेले. हा सहा वर्षांचा, तोही सहाचा. आमच्याकडे इंग्रजी होतं सीबीएसईचं, त्याच्याकडे नॉटिंगहॅमचं. दोघांचं काय बोलणं व्हायचं देव जाणे, पण मैदानाच्या एका कोपऱ्यात ते जेवणाची सुट्टीभर गोगलगाई गोळा करायचे. एक दिवस शाळेच्या फाटकाशी त्याची आई म्हणाली, ‘सेंड हिम राउंड फॉर हिज टी, डक.’ मी म्हटलं चहाला बोलावतेय. आपल्याकडे चहाला गेलेलं पोर बिस्किटावर परत येतं, म्हणून चार वाजता त्याला ताटलीभर पोहे खाऊ घालून पाठवला. तिथे साडेपाचला पूर्ण जेवण! फिश फिंगर, चिप्स, बीन्स. कष्टकरी घरांत आणि इथून वर उत्तरेकडे दुपारचं जेवण ते ‘डिनर’ आणि संध्याकाळचं ते ‘टी’. जरा वरच्या घरांत दुपारी ‘लंच’ आणि रात्री ‘डिनर’, त्याहून वरच्यांचं घरगुती जेवण ते ‘सपर’. कोण कधी काय जेवतं यावरून माणूस कळतो म्हणे. आमचं पोर पोह्यांवर फिश फिंगर खाऊन आलं. तोवर आमच्या घरात अंडंही शिजलं नव्हतं. माझ्या सासूबाईंना हे अजून माहीत नाही.

त्या बाईने सोबत आइस्क्रीमच्या डब्यात सफरचंदाचं क्रंबल दिलं होतं. निळ्या झाकणाचा दोन लिटरचा डबा. म्हणाली, परत द्यायची घाई नाही, डक.

मग त्या वर्षीच्या गणपतीत, मराठी मंडळींच्या घोळक्यात, एकीने विचारलं मुलगा कुठल्या शाळेत. मी सांगितलं. ती हातातल्या मोदकाकडे बघत म्हणाली, ‘ती होय? जरा चॅव्हीच आहे हो.’ सगळ्या हसल्या, आणि मीही हसले. मला तेव्हा शब्दाचा अर्थ माहीत नव्हता. घरी येऊन शोधला.

आणि मग काय झालं ते नीट सांगते, कारण तुझ्या ‘शिव्या आहेत का’चं उत्तर माझ्या मते यात आहे. त्या दिवसापर्यंत मला त्या मित्राच्या आईच्या कानातल्या मोठ्या रिंगा आवडायच्या. मोठ्याने, अख्ख्या फुटपाथला ऐकू जाईल असं हसायची, तेही आवडायचं, आमच्या नाशिकरोडच्या शेजारणीची आठवण यायची. शब्द कळल्यावर त्या रिंगा चॅवच्या रिंगा झाल्या. हसणं चॅवचं हसणं झालं. त्या पोराचे बारीक केस, त्याचा ट्रॅकसूट, ‘माय मम’ऐवजी ‘मी मॅम’ म्हणणं, मला दिसायला लागलं. आधी फक्त गोगलगाई दिसायच्या. पुढच्या वेळी तिने ‘टी’ला बोलावलं तेव्हा मी म्हटलं, आज त्याचा क्लास आहे. खोटं बोलले. आणि बघ, क्लास हा शब्दही कसा नेमका निघाला तोंडातून.

हे मी करावं याचं मला जास्त लागतं, कारण माझ्यावर हे सगळं होऊन गेलेलं आहे. बाबा प्रेसमध्ये कामगार, मी नाशिकरोडहून पुण्याला हॉस्टेलवर गेले. पहिल्याच आठवड्यात म्हणाले, ‘मला ते पुस्तक भेटलं नाही.’ खोलीतल्या मुली, ‘अय्या, पुस्तक भेटलं? काय म्हणालं मग?’ आठ दिवस पुरला तो विनोद. दिवाळीत घरी गेले तर बाबा म्हणाले, ‘मिळालं म्हणायला लागलीस तू.’ एवढंच म्हणाले आणि पेपर पुढे धरला. म्हणजे यू, नॉन-यू मला ॲलन रॉसने शिकवण्याची गरज नव्हती. सदाशिव पेठेने ते आधीच शिकवलेलं होतं.

2013 च्या उन्हाळ्यात आम्ही वेस्ट ब्रिजफर्डला घर घेतलं. ट्रेंट ब्रिजचं क्रिकेटचं मैदान आहे ना, तोच भाग. चांगल्या शाळा, झाडं, कॅफे. जुने नॉटिंगहॅमकर या भागाला ‘ब्रेड अँड लार्ड आयलंड’ म्हणतात. म्हणजे लोक घरावर इतके पैसे घालतात की आत पाव आणि डुकराची चरबी खाऊन राहावं लागतं. आपलं बडा घर पोकळ वासा. आमचा वासाही पोकळच होता, हप्ता गेल्यावर महिन्याच्या विसाव्या तारखेनंतर रोज खिचडी. पण पत्ता पोश होता.

नव्या शाळेत पहिल्या दिवशी आमचा मुलगा वर्गात जाऊन म्हणाला, ‘एय अप.’ दोन वर्षांत त्याची बोली त्या मित्राची झाली होती, अगदी ‘मॅम’सुद्धा. आठवडाभराने तो स्वयंपाकघरात आला. मी कणीक मळत होते. त्याने विचारलं, ‘आई, चॅव म्हणजे काय? ते म्हणतात मी चॅव आहे.’ आठ वर्षांचं पोर, रंगाने काळंसावळं, आडनाव ‘कर’ने संपणारं, त्याला चॅव म्हणत होते! मला आधी हसू आलं. मग मी काय म्हणाले माहितीये? म्हणाले, ‘तू तसं बोलू नकोस म्हणजे झालं.’

त्याने ऐकलं. दोन आठवड्यांत ‘मॅम’चं ‘मम’ झालं. मार्डी गेलं, एय अप गेलं. मुलं भराभर बदलतात, मला किती बरं वाटलं होतं तेव्हा. त्या पहिल्या मित्राला एकदा घरी बोलवूया असं तो महिनाभर म्हणत होता, मी ‘पुढच्या शनिवारी’ म्हणत राहिले. नंतर त्याने विचारणं सोडलं. आता तो वीस वर्षांचा आहे, आणि भांडण झालं, कशावरूनही, अगदी वायफायवरून, तरी कधीतरी त्याच्या तोंडून निघतं, ‘यू मूव्ड मी.’ पुढचं तो बोलत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात माझी आई आली होती. तीन वाजता नातवाला आणायला माझ्याबरोबर शाळेत यायची, नऊवारी आणि त्यावर माझ्या नवऱ्याचं जाडजूड जाकीट. तो बाहेर आला की हात पसरून ओरडायची, ‘ये रे माझ्या छाव्याऽ!’ तिसऱ्या दिवशी पोरगं तिच्याजवळ न थांबता सरळ पुढे चालायला लागलं, मान खाली. कोपऱ्यावर जाऊन म्हणाला, ‘आजी, इथे तसं म्हणू नको. प्लीज.’ आईला कळेना. घरी येऊन तिला चॅव समजावताना माझी दमछाक झाली. ती ऐकून घेत होती, मग म्हणाली, ‘म्हणजे त्यांच्यात गरिबाच्या पोराला छावा म्हणतात होय? बरं आहे की मग.’

त्या रात्री मी बघितलं तर आईचं फारसं चुकलंच नव्हतं. अभ्यासक चॅवचा धागा बहुधा रोमानी भाषेपर्यंत नेतात. रोमानी म्हणजे हजारेक वर्षांपूर्वी आपल्याकडून निघून युरोपभर फिरलेल्या जिप्सी लोकांची भाषा. तीत ‘छावो’ म्हणजे मुलगा, ‘छावी’ म्हणजे मुलगी. संस्कृतातला शाव, शावक, पिल्लू, तोच हा. आपल्याकडे तो छावा झाला, सिंहाचं नाहीतर हत्तीचं पोर, आणि मुंबईच्या टपोरी पोरांच्या तोंडी ‘छावी’ अजून आहे. त्याच रोमानीतून इंग्रजांचा ‘पाल’ आला, मित्र, मुळात भाऊ, आपला भ्राता. एकच शब्द, एका वाटेने राजाच्या मुलाला लागला, दुसऱ्या वाटेने कौन्सिल इस्टेटवरच्या. हे मी पोराला उत्साहाने सांगायला गेले. तो म्हणाला, ‘मम, दे डोन्ट नो दॅट.’ बरोबरच होतं त्याचं.

ध्वनीच्या जवळपासचे आणखी दोन सांगते. ‘कुशी’ जॉब म्हणजे आरामाची नोकरी, तो आपल्या खुशीतून आलेला. ‘कुश्टी’ म्हणजे झकास, तो रोमानीतला. कुस्तीशी दोन्हींचा संबंध नाही. आणि कुणी ‘डूलॅली’ म्हणालं, म्हणजे डोकं फिरलेला, तर खुशाल सांग की ते आमचं देवळाली आहे. मायदेशी परतायला बोटीची वाट बघत गोरे शिपाई महिनोन् महिने देवळालीच्या छावणीत पडून असायचे, उकाड्याने आणि कंटाळ्याने भ्रमिष्ट व्हायचे. मूळ शब्द ‘डूलॅली टॅप’, त्यातला टॅप म्हणजे ताप. माझं माहेर तिथून रिक्षाच्या अंतरावर. ऑफिसात एकदा बॉस कुणालातरी डूलॅली म्हणाला, मी म्हटलं मी तिथलीच. तेव्हापासून तो माझ्याशी जरा जपून वागतो.

एकटेपणाचं तू विचारलं नाहीस, पण सगळ्यांना तेच हवं असतं. येतो. नोव्हेंबरात चार वाजता अंधार पडला की येतो, दिवे लावले की थोडा जातो. व्हिटॅमिन डी घे. त्यावर जास्त लिहीत नाही.

उच्चारांचा क्लास लावू नकोस. त्या पैशांत त्याला चांगले वॉटरप्रूफ बूट घे, इथेच येऊन, तिकडून आणू नकोस. जी शाळा मिळेल तिथली बोली तो दिवाळीच्या आत उचलेल, आणि तुला ती गावठी वाटेल. वाटू दे. पहिल्या मित्राला घरी बोलव, शनिवारची वाट बघू नकोस. त्याच्या आईला ‘टी’ला बोलव आणि साडेपाचला पोटभर जेवायला घाल, वरण-भातही चालेल.

तो निळ्या झाकणाचा डबा अजून माझ्याकडे आहे. रिकामा डबा परत द्यायचा नाही ही आपल्याकडची रीत, म्हणून दिवाळीत चिवडा भरून देऊ म्हणून ठेवला होता, 2011 च्या. झाकणाला एका बाजूने चीर गेलीये. त्यात सध्या साबुदाणा आहे.